एक्कावन्न वाट्या

संघपालने मशीन सुरू केली, तिची सुई वाटीच्या बुडाशी नेली आणि टेकवायच्या आत बंद केली.

"मावशी, एकदा अक्षर उमटलं का मंग खोडता येत नाही. स्टील हाय हे. 'रु'वर तरी सगळ्याइचं एकमत हाय ना?"

"'रु'वर हाय," पार्बताबाई म्हणाली. "त्याच्या पुढं नाही."

भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर संघपालचा स्टूल, स्टुलाशेजारी बारशाला वाटायच्या एक्कावन्न वाट्यांची चळत आणि चळतीवर लेकाच्या, नितेशच्या अक्षरातला कागद. सकाळी त्या कागदावर 'चि. रुक्मिणी नितेश गावंडे' एवढंच होतं. घरापासून दुकानापर्यंत ऑटोत तीन फोन आले आणि प्रत्येक फोनला कागद थोडा थोडा काळा झाला. धामणगाव रेल्वेची मोठी नणंद गोदाबाई, तिने 'क' खोडून 'ख' करायला लावला. पुण्याचे किशोरमामा, म्हणजे सुनेचे मामा, त्यांनी 'ख' खोडून परत 'क' करायला लावला आणि वर व्याकरणातलं काहीतरी समजावलं. त्यातलं अर्धं ऑटोच्या आवाजात गेलं आणि अर्धं तसंही गेलं असतं. मग अकोल्याहून पोटच्या लेकीचा, पौर्णिमेचा फोन आला. इंग्रजीत टाक, ती म्हणाली, आणि 'के' दोन घाल. तिच्या ऑफिसात अंकशास्त्र बघणारी एक बाई आहे. एकाच 'के'ने मुलीचं लग्न लांबतं, असं त्या बाईचं म्हणणं.

मुलगी सव्वा महिन्याची होती.

चौथा फोन नितेशचा आला तो इथे, पायरीवर.

"आई, थांब जरा. मी ग्रुपवर मतदान लावलंय."

मतदानात 'क'ला सात, 'ख'ला सात मतं पडली होती. एका काकांनी चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या, त्या कोणाच्या बाजूने धरायच्या यावर वेगळी चर्चा सुरू होती. पार्बताबाईने फोन बंद केला.

"एखादा दाखला-बिखला हाय का सोबत?" संघपालने विचारलं. "जसं दाखल्यावर, तसं टाकून देतो. मंग कोणी बोलत नाही."

पार्बताबाईने पर्सची आतली चेन उघडली. प्लास्टिकमध्ये घातलेला एक पिवळा पडलेला कागद तिने घडीवर घडी सोडवत बाहेर काढला. संघपालने तो उजेडात धरला.

"शाळा सोडल्याचा दाखला. बार्शीटाकळी. रुख्मिणी नारायण ताथोड." तो थांबला. "हे कोण?"

"मी."

"मंग पार्बताबाई कोण? शेठनं पावती तर पार्बताबाईच्या नावानं फाडली."

"ते बी मीच."

संघपालने पुढे विचारलं नाही. भांड्यांवर नावं टाकणाऱ्या माणसाला घरोघरच्या भानगडी माहीत असतात.

अडतीस वर्षांपूर्वी बार्शीटाकळीची रुख्मिणी लग्न होऊन गावंड्यांच्या दारात आली, तेव्हा आत ताटात तांदूळ पसरून तयार होते. सासूचं नावही रुख्मिणीच होतं. गोदाबाईने तिथल्या तिथे निकाल दिला: एका घरात एका नावाच्या दोघी चालत नाहीत, हाक मारली तर ओ कोणी द्यायची? प्रश्न रास्त होता. नवऱ्याने, चंद्रभानने सोन्याच्या अंगठीने तांदळात 'पार्बता' लिहिलं, सगळ्यांनी माना पुढे काढून वाचलं, साखर वाटली गेली, आणि मग गोदाबाईने ताट दोन वेळा हलवून तांदूळ सारखे करून टाकले. दहा वर्षं वह्यांच्या पुठ्ठ्यांवर लिहिलेलं नाव तेवढ्या वेळात पुसलं गेलं.

तिने फार मनाला लावून घेतलं नाही. सासू काही अमर नव्हती. नाव एक आणि माणसं दोन असतील, तर मागच्याने रांगेत उभं राहायचं, एवढाच हिशेब. ती सत्तावीस वर्षं रांगेत उभी राहिली. सासूचं सगळं केलं, मनापासून केलं. अकरा वर्षांपूर्वी म्हातारी गेली तेव्हा खरोखरची रडली. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मात्र सकाळी नीट वेणी घालून ती ओट्यापाशी थांबली. आता कोणीतरी म्हणेल की ते नाव मोकळं झालं.

गोदाबाई आत आली आणि म्हणाली, "पार्बते, चहा ठेव."

म्हणजे आत्ताच नको, दिवस जाऊ द्यावे, असं तिने धरलं. दिवस गेले. मग लेकाला मुलगी झाली आणि नितेशने जेवताना जाहीर केलं की पोरीला आजीचंच, म्हणजे त्याच्या आजीचं, रुक्मिणी हे नाव ठेवायचं. जुन्या नावांना आता परत मागणी आहे. पार्बताबाई पोळी वाढत होती.

"माह्यं बी नाव तेच होतं," ती म्हणाली.

"हो का?" नितेश म्हणाला. "मस्त. म्हणजे डबल झालं." आणि तो परत मोबाइलमध्ये गेला.

'होतं' हे आपणच म्हटलं, हे तिच्या ध्यानात आलं संध्याकाळी, मेथी निवडताना. जुडी संपली, काड्या बाजूला झाल्या, माती धुतली गेली, तरी ते 'होतं' काही निघेना. तेव्हापासून दाखला पर्समध्ये होता.

"मंग वाट्याइवर काय टाकू?" संघपालने विचारलं.

पार्बताबाईने त्याच्या कानामागची पेन्सिल मागून घेतली. नितेशचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला एक ओळ लिहिली. लिहिताना हात कुठे अडला नाही. संघपालने ती ओळ वाचली, मग तिच्याकडे पाहिलं, मग परत ओळ वाचली.

"घरच्याइले विचारलं?"

"मले कोणी विचारलं होतं?"

"तसं नाही. खोडता येत नाही म्हणून म्हणलं."

"म्हणून तर तुयाकडे आली. तांदळात लिवलेलं पाहिलं मी एकदा."

संघपालने मान हलवली. "आतून का बाहेरून?"

"आतून. बुडाशी."

मशीन करकरायला लागली. फोन परत वाजला. तिने तो कापडी पिशवीत सगळ्यात खाली टाकला आणि वर नारळ ठेवला. एक्कावन्न वाट्या होईपर्यंत तो अधूनमधून वाजत होता. भांड्यांच्या दुकानात तो आवाज फार वेगळा वाटत नव्हता.

बारशाच्या दिवशी घर भरलं. पाळणा झेंडूने मढवलेला, पाळण्यापाशी सून प्रणाली नव्या साडीत, आणि तिच्या मांडीवर मुलगी, जिच्यामुळे हे सगळं होतं आणि जिला यातलं काही नको होतं. ती झोपली होती.

प्रणालीचं नाव लग्नात बदललं नव्हतं. तेव्हाही गोदाबाई तांदळाचं ताट सजवून घेऊन आली होती, पण ऐन वेळी ताट सापडेना. शोधाशोध झाली. पार्बताबाईने ते तांदूळ धुऊन कुकरला लावले होते. तिसरी शिट्टी झाली तेव्हा भटजी पुढच्या विधीला लागले. प्रणाली प्रणालीच राहिली आणि पंगतीत भात थोडा उरला. यावर सासू-सुनेत आजपर्यंत एक शब्द झाला नव्हता.

कोपऱ्यातल्या खुर्चीत चंद्रभान बसला होता. बडनेरा स्टेशनावर त्याने तीस वर्षं माइकवरून गाड्या सांगितल्या. लांबलांबच्या गाड्यांची नावं तो अशी घ्यायचा की चुकीच्या गाडीत बसलेला माणूसही समाधानाने जायचा. बायकोचं नाव त्याने फक्त तांदळात लिहिलं, तोंडाने कधी घेतलं नाही. घरात 'अवं'वर काम भागत होतं.

"रुख्मिणी कौंडण्यपूरची," गोदाबाई सांगत होती. ती पाळण्याशेजारी खुर्ची टाकून अशी बसली होती की पाळण्याकडे जाणाऱ्याला तिच्यावरून जावं लागे. "म्हणजे आपल्याच जिल्ह्याची पोट्टी. तिचं नाव कसं लिवाचं, हे आता पुण्यानं सांगाचं काय?"

"प्रश्न जिल्ह्याचा नाही हो, आत्याबाई," किशोरमामा शांतपणे म्हणाले. "मूळ शब्द बघा. रुक्म म्हणजे सोनं."

"सोनं आमच्याकडे बी हाय. आमी त्याले सोनंच म्हणतो."

"मग आपण रुक्मी ठेवू," नितेश म्हणाला. "छोटं, सुटसुटीत. पासपोर्टवर पण मावतं."

"रुक्मी तिचा भाऊ होता," मामा म्हणाले. "मिशा होत्या त्याला."

"दोन 'के' घातले ना, तर मिशाचं काही नाही राहत," पौर्णिमा म्हणाली. ती अकोल्याहून सकाळच्या गाडीने आली होती आणि आत्या म्हणून कानात नाव तिलाच सांगायचं होतं.

"तू कानात सांगशील तवा 'के' दिसणार हाय का तिले?" गोदाबाईने विचारलं.

"कानात तर 'ख' बी नाही दिसत, आत्या."

वरवंट्याला टोपडं घालून त्याला पाळण्याखालून-वरून फिरवून झालं. त्याने काही त्रास दिला नाही. मग मुलीला पाळण्यात ठेवलं, पौर्णिमा तिच्या कानाशी वाकली, धपाटे घालायला तिच्या मागे चार बाया पदर खोचून उभ्या राहिल्या, आणि गोदाबाई म्हणाली, "थांब. आधी ठरू दे."

पौर्णिमा वाकलेलीच राहिली. वाद पुढे चालू झाला. बोलणं आता मामांच्या पुण्यातल्या घराच्या पत्त्यापर्यंत गेलं होतं, कारण तोही म्हणे चुकीचा लिहिला जायचा. मुहूर्त सरकत होता. शेवटी गोदाबाईलाच राहवलं नाही.

"घुगऱ्या तरी वाट, पार्बते. बाया किती वेळच्या ताटकळून राहिल्या."

पार्बताबाई याचीच वाट पाहत होती. स्वयंपाकघरात तिने एक्कावन्न वाट्या आधीच भरून ठेवल्या होत्या, काठोकाठ, बूड दिसणार नाही अशा. परातीत मांडून तिने स्वतः वाटल्या. पहिली गोदाबाईला, दुसरी मामांना, तिसरी लेकाला. चंद्रभानच्या हातातही एक दिली. तो म्हणाला, "अवं, मले नको, गॅस होतो." ती पुढे गेली होती.

वाद करणारी माणसं भराभर खातात. सगळ्यात आधी किशोरमामांच्या वाटीचा तळ लागला. त्यांनी चष्मा वर केला, वाटी तिरपी धरली आणि उसासा टाकला.

"ख घातलाच शेवटी."

"घातलाच पाह्यजे," गोदाबाई म्हणाली. तिने बोटाने चार दाणे बाजूला सारून पाहिलं आणि खुर्चीत थोडी आणखी पसरली.

"आई, मतदान चालू होतं ना," नितेश म्हणाला. "निकाल तर लागू द्यायचा."

खोलीभर माणसं वाटीत डोकावत होती. एकजण म्हणाला, 'ख' उठून दिसतो. एकीला 'णी' जरा वाकडी वाटली. जो तो आपापलं अक्षर शोधून, सापडलं तर खूश होऊन आणि नाही तर तोंड पाडून, परत घुगऱ्यांकडे वळत होता. शेजारच्या जमुनाबाईचा या भांडणात काही पक्ष नव्हता. म्हणून तिने अख्खी ओळ वाचली.

"सौ. रुख्मिणी चंद्रभान गावंडे यांजकडून सप्रेम भेट," तिने मोठ्याने वाचलं. मग विचारलं, "पोट्टीले सौ. काहून लावलं?"

चमचे थांबले. नितेशने हातातली वाटी नीट डोळ्यांसमोर धरली.

"चुकवलं त्यानं," तो म्हणाला. "बापाच्या जागी आजोबाचं नाव. आणि बारसं जिचं, ती कशाला भेट देईल? थांबा, त्यालाच फोन लावतो."

"नको लावू," रुख्मिणीबाई म्हणाली. ती परात पोटाशी धरून उभी होती. "बरोबर लिवलं त्यानं. मी एकूण एक वाटी पाहून घेतली."

"आई, तुझं नाव पार्बता आहे. आधारवर आहे."

"दाखल्यावर रुख्मिणी हाय. आधार त्याच्या मागून आलं."

"अवं पण," गोदाबाई म्हणाली, "ते तर पोट्टीचं ठरलं ना."

"बाई, एका घरात एका नावाच्या दोघी चालत नाहीत. तुमीच सांगतलं होतं मले. हाक मारली तं ओ कोणी द्याची?"

नियम गोदाबाईचाच होता. अडतीस वर्षांत तिने तो कुठे ढिला पडू दिला नव्हता.

"मी सत्तावीस वर्षं लाइनीत होती," रुख्मिणीबाई पुढे म्हणाली. आवाज चढला नव्हता. घुगऱ्यांत मीठ किती घातलं हे सांगावं, तसा होता. "माय गेल्या, तवा नंबर माह्या होता. अकरा वर्षं कोणी पुकारलाच नाही. आता हे सव्वा महिन्याची पोट्टी येते अन् मधात घुसते." तिने पाळण्यात पाहिलं. "तिचा राग नाही. तिले काय समजते. पण लाइन म्हणजे लाइन."

पाळण्याची दोरी धरलेल्या बाईने उगीच एक झोका दिला.

"मंग मी हिच्या कानात काय सांगू?" पौर्णिमेने वाकल्या वाकल्या विचारलं. "माही कंबर गेली, माय."

"पार्बता रिकामं झालं. पाह्यजे तं घ्या. वापरलेलं हाय, पण कुठं पोचा नाही पडला."

किशोरमामा म्हणाले, "आता त्यातही मूळ शब्द पार्वती—" आणि प्रणालीने त्यांच्याकडे पाहिलं. मामांनी उरलेलं वाक्य तळाच्या चार दाण्यांबरोबर गिळलं.

प्रणालीच्या हातातली वाटी रिकामी होती. तिने पदराने तिचं बूड पुसलं आणि ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचली.

"जन्माच्या फॉर्मवर नाव मागाहून टाकता येतं," ती म्हणाली. "मी चौकशी केली आहे. हिच्यासाठी आपण निवांत शोधू. कोणाचं काढून घ्यावं लागणार नाही असं." मग वर पाहून तिने विचारलं, "आई, आज भात उरला काय?"

रुख्मिणीबाईने परात दुसऱ्या हाताला घेतली.

"आज तांदूळ काढलेच नाही," ती म्हणाली.

दोघी हसल्या नाहीत. नितेशने एकदा बायकोकडे आणि एकदा आईकडे पाहिलं. हा भात कुठून आला, हे त्याला कळलं नाही, आणि कोणी सांगितलंही नाही.

पौर्णिमा पाळण्यात आणखी खाली झुकली. "कुर्र," ती मुलीच्या कानात म्हणाली. "थांब जराशी." मागच्या चार बायांनी एवढा वेळ हात आवरून धरले होते. त्यांनी पोटभर धपाटे घालून घेतले. मुलगी जागी झाली नाही.

संध्याकाळपर्यंत पाहुणे पांगले. जाताना प्रत्येकाच्या पिशवीत वाटी होती. अकोल्याला पाच गेल्या, धामणगावला तीन. पुण्याला एक जाणार होती. मामांनी ती रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवली होती आणि त्या 'ख'बद्दल पुन्हा काही म्हणाले नव्हते. त्यांची गाडी उशिराची होती, म्हणून ते बाहेरच्या खोलीत थांबले होते. गोदाबाई तिथेच होती, पण भिंतीकडे तोंड करून. नितेश मतदान कसं रद्द करायचं ते शोधत होता.

रुख्मिणीबाई आत परात घासत होती. दाराशी चप्पल थांबल्याचा आवाज झाला.

"अवं," चंद्रभान म्हणाला.

ती घासत राहिली.

"अवं, आयकलं का."

नळ चालू होता. पण नळाचा आवाज एवढाही नव्हता.

चंद्रभान दारातच उभा राहिला. त्याच्या हातात सकाळची वाटी होती. गॅस होतो म्हणत म्हणत त्याने तिच्यातल्या सगळ्या घुगऱ्या एकेक करून खाल्ल्या होत्या, आणि वाटी तेवढी घासायला टाकली नव्हती. त्याच्या आईचं नाव. ते घेऊन त्याने कधी कोणाला बोलावलं नव्हतं. तशी वेळच येऊ नये म्हणून तर तेव्हा तांदूळ आणले होते. त्याने वाटीत पाहिलं, परत वर पाहिलं. नंतर वाटी जरा लांब धरली, जशी तो चौकशी खिडकीत गाड्यांची पाटी धरायचा.

"रुख्मिणी," तो म्हणाला. अगदी हळू, जवळजवळ वाटीलाच.

तिने नळ बंद केला. हात पदराला पुसले. मागे वळली नाही.

"गाड्याइचं तीनदा सांगत होते तुमी," ती म्हणाली. "अन् पार दुसऱ्या फलाटावर आयकू जाये."

बाहेरच्या खोलीत गोदाबाई होती, नितेश होता, पुण्याचे मामा होते. चंद्रभानने घसा साफ केला.